शुक्राणूचा शीर्ष-पुच्छ जोड

शुक्राणूचा शीर्ष-पुच्छ जोड ही शुक्राणूच्या मानेत असलेली, त्याचे शीर्ष आणि पुच्छ यांना एकत्र बांधून ठेवणारी सूक्ष्म रचना होय. शीर्षामध्ये पित्याकडून येणारा आनुवंशिक वारसा असतो, तर पुच्छ त्या शीर्षाला अंडपेशीपर्यंत वाहून नेते. हा जोड दुर्बळ राहिला किंवा तुटला, तर पुच्छ वळवळत राहते, परंतु त्याबरोबर वाहून न्यावयाचे केंद्रक मागे राहते आणि नैसर्गिक फलन घडत नाही. मानवामध्ये या दोषातून ‘शीर्षहीन शुक्राणू विकार’ उद्भवतो. पुरुष वंध्यत्वाचे हे एक दुर्मीळ, पण गंभीर कारण आहे. सस्तन प्राण्यांमध्ये या जोडाची लांबी जेमतेम १ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी असते. एवढ्या अल्प जागेत केंद्रकावरण, सेंट्रिओल आणि अनेक प्रकारची प्रथिने एकमेकांत गुंतलेली असतात.

नाव व परिभाषा

शुक्राणूच्या शीर्ष व पुच्छ यांमधील भागाला सामान्यतः ‘मान’ म्हणतात. मानेतील तंतुमय सांगाड्याला ‘जोडखंड’ असे संबोधले जाते. जोडखंड, त्यातील सेंट्रिओल आणि केंद्रकाला लागून असलेला पाया या सर्वांना मिळून शीर्ष-पुच्छ जोडयंत्रणा असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या संपूर्ण यंत्रणेसाठी ‘जोड’ हा सुटसुटीत शब्द वापरला आहे.

शुक्राणूची सर्वसाधारण रचना

मानवी शुक्राणूची एकूण लांबी सुमारे ५० ते ६० मायक्रोमीटर असते. त्यांपैकी शीर्ष केवळ ४ ते ५ मायक्रोमीटर लांब असून उरलेली सर्व लांबी पुच्छाची असते. शुक्राणूचे पुढीलप्रमाणे भाग पडतात.

शीर्ष : यात केंद्रक असते. केंद्रकातील डीएनए प्रोटामीन नावाच्या लहान प्रथिनांभोवती अत्यंत दाटीने बांधलेला असतो, त्यामुळे शीर्ष आकाराने लहान व घट्ट बनते. शीर्षाच्या पुढील भागावर टोपीसारखी ॲक्रोसोम ही पिशवी असते. तिच्यातील विकरे अंडपेशीच्या आवरणातून वाट काढण्यास साहाय्य करतात.

मान : शीर्ष व पुच्छ यांमधील आखूड भाग. येथेच प्रस्तुत जोड असतो.

मध्यखंड : या भागात तंतुकणिकांचे सर्पिल वेटोळे असते. तंतुकणिका शुक्राणूला ऊर्जा पुरवितात.

मुख्य खंड व अंत्य खंड : हा पुच्छाचा सर्वांत लांब भाग असून शुक्राणूला पुढे ढकलणारी हालचाल प्रामुख्याने येथे होते.

संपूर्ण पुच्छाच्या गाभ्यातून ‘अक्षसूत्र’ जाते. त्यात परिघावर सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी दोन सुट्या सूक्ष्मनलिका असतात. या मांडणीला ‘नऊ अधिक दोन’ रचना असे म्हणतात. सस्तन प्राण्यांत अक्षसूत्राभोवती नऊ जाड ‘बाह्य घनतंतू’ असतात. ते पुच्छाला बळकटी देतात आणि मानेतील जोडखंडाशी एकजीव झालेले असतात.

जोडाची रचना

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतून पाहिल्यास शीर्षाकडून पुच्छाकडे जाताना जोडाचे पुढील थर ओळखता येतात.

रोपणखाच : केंद्रकाच्या मागील टोकाला एक उथळ खळगा असतो. पुच्छ याच खळग्यात बसते. कुऱ्हाडीच्या नेढ्यात दांडा बसवावा तशी ही योजना आहे. दांडा नेढ्यात सैल राहिला, तर पाते कितीही धारदार असले तरी कुऱ्हाड निकामी ठरते.

आधारपट्टिका : रोपणखाचेला अस्तरासारखी लागून असलेली, केंद्रकावरणाच्या बाह्य पृष्ठभागावरील घन पट्टी. शीर्षाच्या बाजूने जोडाचा हा पाया होय.

शीर्षिका : आधारपट्टिकेच्या वक्रतेला बरोबर जुळणारी तंतुमय चकती. आधारपट्टिका व शीर्षिका यांच्यामध्ये एक अरुंद फट असते आणि ती फट ओलांडणारे अतिसूक्ष्म तंतू दोहोंना बांधून ठेवतात. शीर्षिका हा पुच्छाच्या बाजूचा पहिला भाग असल्यामुळे ही फट म्हणजे जोडातील खरी सीमारेषा होय.

खंडित स्तंभ : शीर्षिकेपासून मागे जाणारे नऊ स्तंभ. त्यांच्यावर आडवे पट्टे नियमित अंतराने दिसतात, म्हणून त्यांना ‘खंडित’ म्हटले जाते. मागील टोकाला हे नऊ स्तंभ नऊ बाह्य घनतंतूंशी एकेकाने जुळतात.

समीपस्थ सेंट्रिओल : शीर्षिकेच्या लगेच खाली, स्तंभांनी वेढलेल्या पोकळीत असलेली, सूक्ष्मनलिकांनी बनलेली नळकांडीसारखी रचना.

दूरस्थ सेंट्रिओल : अक्षसूत्र ज्यापासून उगवते तो दुसरा सेंट्रिओल. शुक्राणू पक्व होईपर्यंत याचे मूळ रूप पुष्कळ बदलते. त्यामुळे तो नष्ट होतो असे दीर्घकाळ मानले जात होते. मानव व बैल यांच्या शुक्राणूंत तो वेगळ्या, पसरट रूपात टिकून राहतो आणि फलनानंतर कार्यही करतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. उंदीर व घूस यांसारख्या कृंतक प्राण्यांत मात्र शुक्राणूंतील सेंट्रिओलांचा बव्हंशी ऱ्हास होतो.

जोडाची घडण

वृषणातील शुक्रजनन नलिकांमध्ये शुक्राणू तयार होतात. अर्धसूत्री विभाजनानंतर प्रथम गोलाकार पेशी निर्माण होतात. त्यांना येथे प्राक्शुक्राणू म्हटले आहे. या गोल पेशीला ना शीर्ष असते ना पुच्छ. पुढे विभाजन न होता केवळ आकार पालटून तिचा लांब शुक्राणू बनतो. शीर्ष-पुच्छ जोड याच रूपांतराच्या काळात घडतो.

सेंट्रिओलांचे स्थलांतर : प्राक्शुक्राणूच्या कडेला, पेशीपटलाजवळ दोन सेंट्रिओल असतात. त्यांपैकी दूरस्थ सेंट्रिओलापासून अक्षसूत्र वाढू लागते. त्यानंतर सेंट्रिओलांची ही जोडी वाढत्या पुच्छासह केंद्रकाकडे सरकते आणि ॲक्रोसोमच्या विरुद्ध बाजूला केंद्रकावरणाला चिकटते. म्हणजेच पुच्छ प्रथम केंद्रकापासून दूर उगवते आणि नंतर त्याच्याशी जोडले जाते. त्यामुळे ‘जोडले जाणे’ ही शुक्राणूच्या जडणघडणीतील एक स्वतंत्र पायरी ठरते आणि ती चुकण्याचीही शक्यता असते.

सांगाड्याची उभारणी : सेंट्रिओल केंद्रकाशी स्थिरावल्यावर त्यांच्याभोवती प्रथिने साचत जातात. त्यांपासून आधारपट्टिका, शीर्षिका व खंडित स्तंभ आकार घेतात.

मँचेट : याच काळात केंद्रकाच्या मागील अर्ध्या भागाभोवती सूक्ष्मनलिकांचा घोळदार झग्यासारखा एक तात्पुरता पडदा तयार होतो. त्याला मँचेट म्हणतात. केंद्रकाला निमुळता आकार देणे आणि पुच्छासाठी लागणारी सामग्री मागे पोहोचविणे ही त्याची दोन कामे होत. काम संपताच मँचेट विरघळून जाते. मँचेट सदोष असल्यास शीर्षाचा आकार बिघडतो आणि बहुधा जोडही कमकुवत राहतो.

अधिवृषणातील पक्वता : वृषणातून बाहेर पडलेले शुक्राणू अधिवृषणातून प्रवास करताना पक्व होतात. बाह्य घनतंतू व जोडखंड यांतील प्रथिनांमध्ये सिस्टीन हे गंधकयुक्त ॲमिनो आम्ल विपुल असते. या प्रवासात सिस्टीनच्या रेणूंमध्ये डायसल्फाइड बंध तयार होतात आणि संपूर्ण सांगाडा ताठ व चिवट बनतो.

जोडातील प्रथिनांची साखळी

जोड एकाच ‘डिंकाने’ चिकटलेला नसतो. केंद्रकाच्या आतल्या बाजूपासून पुच्छापर्यंत प्रथिनांची एक साखळी असते आणि तिची प्रत्येक कडी आवश्यक असते.

केंद्रकाभोवती दोन पटले असतात. शरीरातील बहुतेक पेशींत या दोन पटलांना ओलांडून केंद्रकाचा सांगाडा आणि पेशीचा सांगाडा यांना जोडणारा प्रथिनांचा संच असतो. त्याला ‘लिंक संकुल’ म्हणतात. यातील आतल्या पटलातील प्रथिने ‘सन’ कुलातील आणि बाहेरच्या पटलातील प्रथिने ‘काश’ कुलातील असतात. दोन पटलांमधील फटीत ती एकमेकांचा हात धरतात. ‘सन’ या नावाचा सूर्याशी संबंध नाही. यीस्टमधील ‘सॅड-१’ आणि सूत्रकृमीतील ‘अंक-८४’ या दोन प्रथिनांच्या आद्याक्षरांवरून ते बनविले आहे.

सन५ : या कुलातील हे प्रथिन प्रामुख्याने वृषणात आढळते. प्रारंभी ते प्राक्शुक्राणूच्या केंद्रकावरणात पसरलेले असते. पुढे ते मागील टोकाकडे, म्हणजे पुच्छ जेथे जुळते तेथे एकवटते. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत पुच्छ व जोडखंड तयार होतात, परंतु ते केंद्रकाला धरून राहत नाहीत. असे उंदीर प्रजननास असमर्थ ठरतात. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पीएमएफबीपी१ : हे प्रथिन सन५ आणि पुच्छाच्या बाजूची प्रथिने यांच्या मध्ये असते. याच्या अभावीही शीर्ष व पुच्छ विलग होतात. सन५ आणि पीएमएफबीपी१ यांना सेंटलीन हे तिसरे प्रथिन सांधते, असे पुढील संशोधनात आढळले.

स्पाटा६ : जोडखंडाच्या उभारणीसाठी आवश्यक असलेले प्रथिन. ते नसलेल्या उंदरांत खंडित स्तंभ व शीर्षिका नीट बनतच नाहीत. याविषयीचे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

ओडीएफ१ : बाह्य घनतंतूंतील एक प्रमुख प्रथिन. याच्या अभावी उंदरांचे शुक्राणू शीर्षापासून तुटतात.

हुक१ : मँचेटशी निगडित प्रथिन. ‘विकृत शुक्राणुशीर्ष’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंदरांच्या एका जुन्या प्रयोगशालेय वाणात याच जनुकात बिघाड असल्याचे २००२ मध्ये स्पष्ट झाले.

सेंट्रोबिन : सेंट्रिओलशी संबंधित प्रथिन. याचे जनुक सदोष असलेल्या घुशींच्या एका वाणात पायांची बोटे कमी असतात आणि नरांचे शुक्राणू शीर्षहीन असतात.

या उदाहरणांवरून असे दिसते की, जोड तुटण्याची कारणे तीन ठिकाणी संभवतात. पुच्छाला केंद्रकाशी बांधणारी कडी निखळू शकते, जोडखंडाचा सांगाडाच अपुरा राहू शकतो किंवा बांधकामाची सामग्री पोहोचविणारी व्यवस्था बिघडू शकते. बाहेरून दिसणारा परिणाम मात्र तिन्हींत जवळजवळ सारखाच असतो.

कार्य

ताण सोसणे : मानवी शुक्राणूचे पुच्छ सेकंदाला साधारण दहा ते वीस वेळा फटकारे मारते. स्त्रीच्या प्रजननमार्गातील श्लेष्मा चिकट असतो आणि अंडपेशीजवळ पोहोचल्यावर पुच्छाची हालचाल अधिकच जोरकस होते. या सर्व काळात पुच्छाचा जोर शीर्षापर्यंत पोहोचविण्याचे आणि त्याचा प्रतिरोध सोसण्याचे काम जोडाला करावे लागते.

लवचिकता : जोड केवळ घट्ट असून भागत नाही, त्याला वाकताही यावे लागते. बैलाच्या शुक्राणूंचा अभ्यास करून २०२१ मध्ये असे दाखविण्यात आले की, पुच्छ हलताना मानेतील सेंट्रिओल व त्यांभोवतीचे भाग एकमेकांवरून किंचित सरकतात आणि पुच्छाच्या फटकाऱ्याबरोबर शीर्षही विशिष्ट पद्धतीने कलते. यावरून मान ही केवळ निर्जीव खुंटी नसून हालचालीत भाग घेणारा सांधा आहे, असे मानले जाते.

सेंट्रिओलांचे वहन : मानवासह बहुतेक सस्तन प्राण्यांत अंडपेशीचे स्वतःचे सेंट्रिओल तिच्या विकासाच्या काळात नाहीसे होतात. युग्मनजाला ते शुक्राणूकडूनच मिळतात. ते मानेत असल्यामुळे जोड हा सेंट्रिओलांची पेटीही ठरतो. उंदीर याला अपवाद असून त्याच्या युग्मनजाचे प्रारंभीचे विभाजन सेंट्रिओलांवाचून होते.

फलनानंतर जोडाचे विघटन

जो जोड प्रवासभर अभंग राहावा लागतो, तोच अंडपेशीत शिरल्यावर सुटावा लागतो. मानवात शुक्राणूचे पुच्छही अंडपेशीत प्रवेश करते. अंडपेशीतील ग्लुटाथायोन हे द्रव्य डायसल्फाइड बंध तोडते, त्यामुळे केंद्रक सैल होते आणि जोडखंडही विरघळू लागतो. मोकळ्या झालेल्या सेंट्रिओलाभोवती अंडपेशीतील प्रथिने जमतात आणि सूक्ष्मनलिकांचा ताऱ्यासारखा पुंजका तयार होतो. हा पुंजका पित्याचे व मातेचे केंद्रक एकमेकांजवळ आणतो आणि त्यानंतर युग्मनजाचे पहिले विभाजन होते. शुक्राणूबरोबर आलेल्या तंतुकणिका मात्र नष्ट केल्या जातात.

इतर प्राण्यांतील स्थिती

शीर्ष व पुच्छ जोडून ठेवण्याचा प्रश्न केवळ सस्तन प्राण्यांपुरता मर्यादित नाही. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीचा शुक्राणू जवळजवळ २ मिलिमीटर, तर ड्रॉसोफिला बायफर्का या तिच्या नातलग जातीचा शुक्राणू सुमारे ५.८ सेंटिमीटर लांब असतो. फळमाशीत सन कुलातील ‘स्पॅग४’ हे प्रथिन आणि ‘युरी गागारिन’ या नावाचे प्रथिन मिळून पुच्छाचा पाया केंद्रकाशी जोडलेला ठेवतात, असे २०१० मध्ये आढळले. या दुसऱ्या जनुकाचा शोध गुरुत्वाकर्षणाला माशी कसा प्रतिसाद देते याच्या अभ्यासातून लागला, म्हणून त्याला पहिल्या अंतराळवीराचे नाव देण्यात आले. माशी आणि मनुष्य यांच्यात एकाच कुलातील प्रथिने हे काम करतात, यावरून या यंत्रणेचा काही भाग फार प्राचीन असावा असे अनुमान निघते.

याउलट सूत्रकृमींच्या शुक्राणूंना पुच्छच नसते. ते अमिबासारखे सरपटत पुढे जातात, त्यामुळे त्यांना अशा जोडाची गरज भासत नाही.

शीर्षहीन शुक्राणू विकार

इतिहास : शीर्ष तुटलेल्या शुक्राणूंमुळे येणारे वंध्यत्व प्रथम पशुवैद्यकात नोंदविले गेले. गर्न्सी जातीच्या वळूंमधील असा दोष १९४९ मध्ये वर्णन करण्यात आला. मानवातील पहिली वर्णने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहेत. अर्जेंटिनातील संशोधक हेक्टर केमेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा रुग्णांच्या शुक्राणूंचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली अभ्यास केला. हा शुक्राणूंच्या घडणीतीलच दोष आहे, असे त्यांच्या कार्यातून पुढे आले. एकाच कुटुंबातील भावांमध्ये हा विकार आढळल्याने त्यामागे आनुवंशिक कारण असावे, हा तर्क बळावला.

स्वरूप : या विकारात वीर्यातील बहुसंख्य शुक्राणू शीर्षहीन असतात. काही रुग्णांत जवळजवळ सर्वच शुक्राणू तसे असतात. सुटी शीर्षे मात्र वीर्यात फारशी आढळत नाहीत, कारण तुटलेली शीर्षे वृषणातच राहतात आणि तेथील सर्टोली पेशी ती गिळून टाकतात. शीर्षहीन पुच्छे हालचाल करू शकतात. रुग्णाची लैंगिक क्षमता, संप्रेरकांची पातळी आणि सर्वसाधारण आरोग्य बहुधा सामान्य असते. त्यामुळे सूक्ष्मदर्शीखाली तपासणी केल्याखेरीज हा विकार ध्यानात येत नाही.

प्रकार : जोड कोठे तुटतो त्यावरून तीन प्रकार मानतात.

पहिल्या प्रकारात तो दोन सेंट्रिओलांच्या मध्ये तुटतो, म्हणून समीपस्थ सेंट्रिओल शीर्षाकडे राहतो.

दुसऱ्या प्रकारात तो केंद्रक व समीपस्थ सेंट्रिओल यांच्या मध्ये तुटतो, म्हणून दोन्ही सेंट्रिओल पुच्छाबरोबर जातात.

तिसऱ्या प्रकारात शुक्राणू मध्यखंडात तुटतो.

जनुकीय कारणे : चीनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये परस्परांशी नाते नसलेल्या १७ रुग्णांची तपासणी केली. त्यांपैकी ८ जणांत सन५ जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये उत्परिवर्तने आढळली. २०१८ मध्ये पीएमएफबीपी१ या जनुकाचा संबंध उघड झाला. या दोन्ही जनुकांतील बिघाडामुळे दुसऱ्या प्रकारचा विकार होतो. टीएसजीए१० या जनुकातील बिघाड तिसऱ्या प्रकाराशी संबंधित आहे. यांखेरीज आणखी काही जनुकांतील उत्परिवर्तने मोजक्या रुग्णांमध्ये नोंदविली गेली आहेत.

आनुवंशिकता : वरील जनुकांमुळे होणारा विकार अप्रभावी पद्धतीने संक्रमित होतो. म्हणजे जनुकाची एक प्रत सदोष व दुसरी निर्दोष असल्यास व्यक्तीला सहसा त्रास होत नाही. आई व वडील दोघेही अशी एकेक सदोष प्रत बाळगणारे असतील, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. मुलीला दोन्ही सदोष प्रती मिळाल्या, तरी तिच्यात शुक्राणू तयार होत नसल्यामुळे हा विकार दिसत नाही. रक्ताच्या नात्यातील विवाहांत पती-पत्नींकडे एकाच पूर्वजाकडून आलेली तीच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रासह दक्षिण भारतातील काही समाजांत आते-मामे भावंडांचे विवाह होत आले आहेत. अशा कुटुंबांत अपत्यहीनतेची तक्रार एकाहून अधिक भावांत असल्यास आनुवंशिक समुपदेशन उपयुक्त ठरते.

निदान

निदानाचा आरंभ साध्या वीर्यतपासणीने होतो. त्यात एक चकवा संभवतो. शीर्षहीन पुच्छाच्या टोकाला पेशीद्रवाचा लहानसा थेंब चिकटून राहिलेला असल्यास कमी वर्धनाखाली तो टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक शीर्षासारखा दिसतो. त्यामुळे पूर्वी अशा शुक्राणूंना ‘टाचणीशीर्ष शुक्राणू’ म्हटले जाई. वस्तुतः त्या थेंबात केंद्रक नसते. डीएनएला रंगविणारे रंगद्रव्य वापरल्यास हा फरक तत्काळ कळतो. जोड नेमका कोठे तुटला आहे हे ठरविण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीची आणि मूळ कारण शोधण्यासाठी जनुकीय तपासणीची मदत घेतली जाते.

निरोगी पुरुषाच्या वीर्यातही थोडे शीर्षहीन शुक्राणू आढळतात. नमुना चुकीच्या रीतीने हाताळल्यानेही काही शुक्राणू तुटू शकतात. त्यामुळे केवळ काही पुच्छे सुटी दिसली म्हणून हा विकार आहे असे ठरविता येत नाही. त्यांचे प्रमाण आणि पुनःतपासणीतील सातत्य विचारात घ्यावे लागते.

पशुपालनातही ही तपासणी महत्त्वाची आहे. एका वळूच्या वीर्यापासून अनेक गोठित रेतमात्रा तयार होतात आणि कृत्रिम रेतनाद्वारे त्या पुष्कळ गायींसाठी वापरल्या जातात. वळूत असा दोष असल्यास गायी वारंवार उलटतात आणि पशुपालकाचे नुकसान होते. म्हणून वीर्य गोठविण्यापूर्वी शुक्राणूंची हालचाल व आकार दोन्ही पाहिले जातात.

उपचार

जोड दुरुस्त करणारे औषध उपलब्ध नाही, कारण दोष शुक्राणूच्या घडणीतच असतो. मात्र अपत्यप्राप्तीचा मार्ग पूर्णतः बंद होत नाही. एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने थेट अंडपेशीत सोडण्याची पद्धत ‘इक्सी’ या नावाने ओळखली जाते. या पद्धतीने झालेल्या पहिल्या गर्भधारणांचे वृत्त १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. इक्सीमध्ये शुक्राणूला पोहत जावे लागत नाही, त्यामुळे पुच्छाची मुख्य उणीव भरून निघते.

तथापि सेंट्रिओलांचा प्रश्न उरतो. मानवी युग्मनजाला शुक्राणूकडून येणाऱ्या सेंट्रिओलाची गरज असते. म्हणून ज्यांचे शीर्ष अद्याप पुच्छाला टेकून आहे, असे मोजके शुक्राणू निवडण्याचा प्रयत्न केला जातो. सन५ जनुकात दोष असलेल्या रुग्णांना इक्सीद्वारे समाधानकारक यश मिळाल्याचे अहवाल आहेत. सर्व जनुकीय प्रकारांत निष्पत्ती सारखी नसते, त्यामुळे उपचारापूर्वी विकाराचा प्रकार ठाऊक असणे हिताचे असते. अशा पित्याच्या प्रत्येक अपत्याला एक सदोष प्रत मिळते. परंतु माता त्याच जनुकाची वाहक नसल्यास मुलांमध्ये विकार प्रकट होत नाही.

सामाजिक संदर्भ

मूल न झाल्यास त्याचा दोष स्त्रीच्या माथी मारण्याची प्रवृत्ती भारतीय समाजात दीर्घकाळ आहे. पत्नीच्या अनेक चाचण्या होऊनही पतीची साधी वीर्यतपासणी टाळली जाण्याचे प्रसंग घडतात. शीर्षहीन शुक्राणू विकारात पुरुष बाह्यतः पूर्ण निरोगी असतो, म्हणून येथे ही चूक होण्याचा धोका अधिक असतो. हा विकार पुरुषाच्या वागणुकीमुळे, आहारामुळे किंवा सवयींमुळे उद्भवत नाही. तो जन्मजात जनुकीय दोष असून त्यात पती किंवा पत्नी यांपैकी कोणाचाही अपराध नसतो. दोघांची तपासणी एकाच वेळी केल्यास वेळ, पैसा आणि मनस्ताप वाचतो.

संशोधनाचा इतिहास

डच संशोधक आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शीतून शुक्राणू पाहिले. त्या काळी त्यांना वीर्यात राहणारे सूक्ष्म प्राणी समजले जाई. हे स्वतंत्र प्राणी नसून वृषणात तयार होणाऱ्या पेशी आहेत, हे आल्बर्ट कोलिकर यांनी १८४१ मध्ये दाखविले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेओडोर बोव्हेरी यांनी युग्मनजाच्या विभाजनाचे केंद्र शुक्राणूकडून येते असा सिद्धांत मांडला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वीडनचे गुस्ताफ रेट्झियस यांनी अनेक प्राण्यांच्या शुक्राणूंची काटेकोर चित्रे काढली.

मानेची अंतर्रचना मात्र प्रकाशीय सूक्ष्मदर्शीच्या आवाक्याबाहेर होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी उपलब्ध झाल्यावर अमेरिकी शास्त्रज्ञ डॉन फॉसेट आणि डेव्हिड फिलिप्स यांनी १९६९ मध्ये सस्तन प्राण्यांच्या शुक्राणूच्या मानेची रचना व घडण यांचे सविस्तर वर्णन केले. शीर्षिका, खंडित स्तंभ आणि आधारपट्टिका यांविषयीची आजची मांडणी बव्हंशी त्यावर आधारलेली आहे. एकविसाव्या शतकात जनुक निष्क्रिय केलेले उंदीर आणि रुग्णांच्या जनुकांचे वाचन या दोन मार्गांनी जोडातील प्रथिनांची ओळख पटू लागली. पूर्वी केवळ आकाराने परिचित असलेल्या थरांना आता प्रथिनांची नावे देता येऊ लागली आहेत.

हे सुद्धा पहा

शुक्राणू
अंडपेशी
फलन
पुरुष वंध्यत्व
पेशीकेंद्रक
कृत्रिम रेतन